जग्वार सिक्लिडच्या जोडीसाठी सहा फुटी टाकी : माप, काचकाम आणि अनुभव

मोठ्या, भांडखोर सिक्लिड कुळातील माशांची जोडी पाळायची म्हटले की बेळगावातील बहुतेक दुकानांत पहिला प्रश्न येतो तो "किती लिटरची टाकी हवी?" असा, आणि निवड चुकायला सुरुवात होते ती याच प्रश्नापासून. लिटरचा आकडा लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकारातून निघतो, त्यामुळे नुसती उंची वाढवूनही तो हवा तेवढा फुगवता येतो. अंडी घालण्याच्या दिवसांत मागे लागलेल्या नरापासून जीव वाचवणाऱ्या मादीला मात्र त्या वाढीव उंचीचा फारसा उपयोग होत नाही. तिला हवी असते तळाची लांबी, वळायला पुरेशी रुंदी आणि नराच्या नजरेआड होण्याची सोय. या कसोटीवर मी बेळगावच्याच शहापूर भागातील एका जुन्या काचकामाच्या दुकानाकडून सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी बांधून घेतली. तिच्यात जग्वार सिक्लिडची जोडी नांदते आहे आणि त्या जोडीने तिथे पिल्लेही वाढवली आहेत, तेव्हा मापाबद्दल आणि दुकानाच्या कामाबद्दल आता सविस्तर लिहिता येईल.

जग्वार सिक्लिड, शास्त्रीय नावाने पॅराक्रोमिस मॅनाग्वेन्सिस, हा मध्य अमेरिकेतील मासा आहे. होंडुरासपासून कोस्टा रिकापर्यंतच्या नद्यांत आणि सरोवरांत तो आढळतो. १८६७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. दुकानाच्या टाकीत तो दोन इंचांचा, पट्ट्यापट्ट्यांचा आणि अगदी गरीब दिसतो. पूर्ण वाढलेला नर मात्र चौदा इंचांपर्यंत सहज जातो, मादी त्याहून दोन-तीन इंचांनी लहान राहते, आणि दोघेही मूळचे शिकारी असल्यामुळे तोंडात मावेल तो मासा ते खातात. जोडी जमली की नर आणि मादी मिळून दगड साफ करतात, त्यावर अंडी घालतात, वाळूत खड्डे करून पिल्ले राखतात. अंड्यांची संख्या हजारांच्या घरात जाते. २७-२८ अंश तापमानाला अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पिल्ले पोहू लागतात. या सगळ्या काळात त्या जोडीला आपल्या परिसरात दुसरे कोणीही खपत नाही, आणि दुसरे कोणी नसेल तर नराचा सगळा राग मादीवर निघतो. टाकीचे माप ठरवताना माशांची संख्या दोन आहे एवढेच पाहून लहान टाकी घेणाऱ्यांचा हिशेब नेमका इथे फसतो.

बाजारात तयार मिळणाऱ्या टाक्यांचा विचार करू. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. ती या जातीच्या पिल्लांना काही महिने वाढवण्यापुरती ठीक आहे, जोडीसाठी तिचा विचारही करू नये. चार फुटी, दीड बाय दीडची टाकी म्हणजे सुमारे २५५ लिटर. आपल्याकडे "मोठी टाकी" म्हणून हीच दाखवली जाते, आणि पाच-सहा इंचांच्या कॉन्व्हिक्ट सिक्लिडच्या जोडीला ती उत्तमही आहे. पण दीड फूट रुंदी म्हणजे अठरा इंच. चौदा इंचांचा नर त्या रुंदीत अंग चोरल्याशिवाय वळू शकत नाही, आणि चार फुटांच्या लांबीत मादी कुठेही गेली तरी ती त्याच्यापासून दोन-तीन शरीरलांबीच्या आतच असते. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी सुमारे ५६५ लिटरची होते; जॅक डेम्प्सी किंवा ग्रीन टेरर यांच्या जोडीला ती मी निःशंक सुचवेन, कारण हे मासे जग्वारपेक्षा बरेच लहान राहतात. जग्वार, रेड डेव्हिल आणि मायडास यांच्या जोडीसाठी सहा बाय दोनचा तळ ही माझ्या मते सुरुवात आहे, चैन नव्हे. वुल्फ सिक्लिड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोव्हीचा नर याहूनही मोठा होतो. त्याच्या जोडीसाठी आठ फुटांची जागा आणि खर्चाची तयारी नसेल तर तो मासा घेऊच नये.

माझा आडाखा असा की टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या नराच्या किमान पाचपट असावी आणि रुंदी किमान दीडपट, जमल्यास दुपटीच्या जवळ. चौदा इंचांच्या नराला त्यानुसार सत्तर इंच लांबी लागते, म्हणजे सहा फूट, आणि रुंदी एकवीस इंचांच्या पुढे, म्हणजे दोन फूट. हिशेब नेहमी पूर्ण वाढलेल्या माशाचा करायचा, आज पिशवीतून घरी आणलेल्या माशाचा नव्हे. हे मासे पहिल्या वर्षातच झपाट्याने वाढतात. "सध्या चार फुटी घ्या, पुढे बघू" या सल्ल्याने शेवटी दोन टाक्यांचा खर्च होतो आणि मधल्या काळात मादीचे हाल होतात ते वेगळेच.

दुकानाने सुरुवातीला अडीच फूट उंचीचा आग्रह धरला होता, कारण तशी टाकी दिवाणखान्यात भारदस्त दिसते आणि लिटरही वाढतात. तो सल्ला काचेच्या दृष्टीनेही महाग पडतो. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. दोनाची उंची अडीच फूट केली की तळाशी दाब सव्वापट होतो, काच आणखी जाड घ्यावी लागते, आणि स्टँडवर ठेवलेल्या टाकीच्या तळापर्यंत हात पोचत नसल्याने साफसफाईही अवघड होते. तेवढेच पैसे रुंदीत घालून टाकी सहा बाय अडीच बाय दोन केली तर ८५० लिटर पाणी मिळते आणि तळही तीन चौरस फुटांनी वाढतो. माझ्या खोलीचा दरवाजा आणि समोरची जाण्यायेण्याची वाट यांमुळे मला दोन फुटांवर थांबावे लागले. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी अडीच फूट रुंदीच घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. दुकानाच्या बाजूने सांगायचे तर, कोणता मासा, केवढा होतो, जोडीत कसा वागतो हे समजावून सांगितल्यावर मालकांनी उंचीचा मुद्दा लगेच सोडला आणि नंतरचे सगळे माप माझ्या म्हणण्याप्रमाणे काटेकोर धरले. काचेतले त्यांचे ज्ञान पक्के आहे, माशांविषयी ते गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर चालतात, आणि हे ध्यानात ठेवून माप स्वतः ठरवून मगच तिथे जावे.

या मापाचा प्रत्यक्ष फरक कसा पडतो ते सांगतो. नर तापला की प्रथम मादीसमोर आडवा होतो, कल्ले फुगवतो, शेपटीने पाण्याचा फटका मारतो, आणि ती तयार नसेल तर सरळ अंगावर जातो. मादी डाव्या टोकाकडून निघते, मधल्या मोठ्या कुंडीला वळसा घालते आणि पलीकडे आडव्या ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीच्या मागे जाऊन तळाशी थांबते. नर पहिल्या कुंडीपर्यंत जोरात येतो, तिथे ती दिसेनाशी होते, मग त्याचा वेग मोडतो. तो इकडेतिकडे पाहतो, एखादा वाळूचा घास उचलून टाकतो आणि परत आपल्या दगडाकडे जातो. चार फुटी टाकीत हा पाठलाग संपत नाही, कारण तो संपायला जागाच नसते. तिथे मादी हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, पर मिटून तिरकी उभी राहते आणि खाणे सोडते. असे चित्र दिसले तर त्या टाकीतून एका माशाला त्याच दिवशी काढावे. नुसती लांब आणि रिकामी टाकीही पुरेशी नाही, हेही तितकेच खरे. नजर अडवणारे अडथळे तळापासून निम्म्या उंचीपर्यंत असावे लागतात. मी खानापूरच्या मातीच्या, बिनरंगी, मोठ्या तोंडाच्या कुंड्या वापरल्या आहेत. त्यांना दोन्ही बाजूंनी वाट राहील अशा बेताने आडव्या ठेवल्या की मादी त्यांत कोंडली जात नाही. अंड्यांसाठी कडप्प्याचा एक सपाट तुकडा पुरतो. त्यातून पाण्यात थोडा कठीणपणा उतरतो, पण मध्य अमेरिकेतील माशांना तो चालतो. कुंड्या आणि दगड थेट टाकीच्या तळकाचेवर बसवून मग वाळू घालावी, कारण हे मासे खणता खणता वाळूवर ठेवलेला दगड पाडू शकतात.

आता दुकानाच्या कामाकडे. काच बारा एमएमची आहे, सगळ्या कडा घासून पॉलिश केलेल्या आहेत, आणि वरून चारी बाजूंना आडव्या पट्ट्या व मध्ये दोन आडव्या बांधण्या दिलेल्या आहेत. सहा फूट लांबीची काच पाण्याच्या दाबाने मध्यभागी बाहेर फुगू पाहते. त्या पट्ट्या नसत्या तर ताण थेट सांध्यांवर आला असता. पाणी भरल्यावर समोरच्या काचेला लांब पट्टी लावून मी तिचा फुगवटा पाहिला, तो नजरेत येण्यासारखा नाही. सिलिकॉन काळे आणि व्हिनेगरसारख्या वासाचे, म्हणजे माशांच्या टाकीला चालणारे वापरले आहे. न्हाणीघरात वापरायचे बुरशीविरोधी सिलिकॉन टाकीसाठी कोणी वापरत असेल तर ते काम नाकारावे, कारण त्यातील रसायने माशांना घातक ठरतात. सांध्यांत हवेचे बुडबुडे नाहीत, आतली कड एकाच ओढीत फिरवलेली दिसते. मालकांनी चिकटवल्यानंतर पूर्ण आठवडा टाकी आपल्याकडेच कोरडी ठेवली, मग दुकानाच्या आवारात पाणी भरून दाखवले आणि तेव्हाच उरलेले पैसे घेतले. या शिस्तीबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. "सिलिकॉन वरनं सुकलेलं दिसतंय, आत ओलंच असतंय," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण होते, आणि ते खरे आहे. हे सिलिकॉन हवेतील ओलाव्याने बाहेरून आत असे पक्के होत जाते आणि जाड थराला वेळ लागतोच.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे भोकांचे काम. खालच्या संपकडे, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या गाळणीच्या टाकीकडे, पाणी नेण्यासाठी मागच्या काचेला भोके पाडून घ्यायची होती. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती चुरा होऊन फुटते. म्हणून साधी काच घेऊन जोडण्याआधीच भोके पाडण्याचा त्यांचा आग्रह योग्य होता. भोकांच्या कडा स्वच्छ आहेत, कुठे टवका उडालेला नाही. त्याशिवाय मी टाकीच्या एका टोकापासून दोन फुटांवर, समोरच्या आणि मागच्या काचेला आतून काचेच्या उभ्या पट्ट्यांची जोडी चिकटवून घेतली. तिच्या खाचेत फॉल्स सीलिंगच्या दुकानात मिळणारी पांढरी चौकटीची प्लॅस्टिक जाळी वरून सरकवता येते. जोडीसाठी टाकी करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही खाच मागून घ्यावी. वरवर क्षुल्लक दिसणारी ही सोय मोठ्या सिक्लिडच्या मादीचा जीव वाचवते. नर फारच उग्र झाला की जाळी बसवून त्याला मोठ्या भागात आणि मादीला दोन फुटांच्या भागात ठेवता येते. दोघे एकमेकांना पाहतात, जाळीशी येऊन रंग दाखवतात, आणि मादी अंड्यांसाठी तयार झाली की जाळी काढता येते. नर बराच मोठा असेल तर जाळीला मादीपुरते भोक ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. जग्वारमध्ये ती सांभाळून वापरावी, कारण मादीही अंगाने भरलेली असते आणि भोक थोडे मोठे झाले तर नरही त्यातून जातो. टाकी सहा फुटांची असल्यामुळेच ही विभागणी शक्य होते: जाळी बसवूनही नराला चार फूट उरतात.

स्टँडचे काम दुकान स्वतः करत नाही; त्यांनी उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपशी गाठ घालून दिली. दोन इंची चौकोनी लोखंडी पाइप, सहा पाय, खाली आडवे बांधकाम, वर रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा रंग, असे ते काम आहे आणि वेल्डिंग सुबक आहे. उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग करणारे हात आहेत. मापात अर्धा एमएम इकडेतिकडे होत नाही असा माझा समज होता आणि पाणसळ लावून पाहिल्यावर तो खरा ठरला. स्टँडवर बारा एमएमचा प्लाय, त्यावर थर्माकोल आणि त्यावर टाकी, हाच क्रम ठेवावा.

वजनाबद्दल मात्र कोणीच गिऱ्हाइकाला आपणहून सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. बारा एमएम काचेचे वजन दर चौरस मीटरला तीस किलो असते. या टाकीला सुमारे चार चौरस मीटर काच लागते, म्हणजे रिकामी टाकीच सव्वाशे किलोच्या आसपास भरते. वरून दोन इंच सोडून भरले तरी पाणी ६२० लिटर, म्हणजे ६२० किलो. त्यात वाळू, कुंड्या आणि लोखंडी स्टँड धरले की एकूण साडेआठशे ते नऊशे किलो होतात. हे सगळे वजन बारा चौरस फुटांवर, म्हणजे एक चौरस मीटरहून थोड्याच जास्त जागेवर येते. घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकांनुसार स्लॅबचा हिशेब दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार धरून केलेला असतो. तेव्हा वरच्या मजल्यावर ही टाकी ठेवायची असेल तर ती बीमवर किंवा भिंतीलगत, बीमच्या आडव्या दिशेने ठेवावी आणि त्याआधी इंजिनीअरला दाखवावे. शहापूर, वडगावकडच्या जुन्या कौलारू घरांत लाकडी तुळयांच्या माडीवर तर ही टाकी चढवण्याचा विचारही करू नये. तळमजला आणि त्यावर नीट बसवलेली शहाबादी फरशी असेल, तर काळजी नाही.

पाणी आणि गाळणी यांबाबत आपल्या भागाच्या काही खास गोष्टी आहेत. या आकाराच्या मांसाहारी माशांची घाण भरपूर असते. त्या घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर राहण्यासाठी टाकीतील पाणी तासाला किमान पाच वेळा गाळणीतून फिरावे, म्हणजे पंपाची प्रत्यक्ष क्षमता तासाला तीन हजार लिटरच्या वर हवी. मी खाली चार फुटी संप ठेवला आहे. वीज गेली की वरच्या टाकीतील पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली उतरते. तळ बारा चौरस फुटांचा असल्याने पातळी एक इंच उतरली तरी सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी संपमध्ये येते, म्हणून संप कधीही काठोकाठ भरू नये. पावसाळ्यात वीज गेल्यावर पंप बंद असतानाही प्राणवायू मिळावा म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्यावा. हीटर टाकीत न ठेवता संपमध्ये ठेवावा, कारण भांडणात हे मासे काचेचा हीटर फोडतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत हवा चांगलीच थंड होते. ६२० लिटर पाणी २७ अंशांवर ठेवण्यासाठी तीनशे वॅटचे दोन हीटर लागतात. एकच मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन घ्यावेत, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा निभावून नेतो.

दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचे तर दोनशे लिटर लागतात. शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येते. त्यातील क्लोरीन काढल्याशिवाय ते माशांना देऊ नये. काही वॉर्ड सोडले तर नळाला रोज पाणी नसते, त्यामुळे टाकी घेण्याआधी हे दोनशे लिटर साठवायचे कुठे, हेही ठरवून ठेवावे. घरात विहीर असेल तर फार सोय होते, पण विहिरीच्या पाण्याला आधी एअर स्टोन लावून हवा द्यावी आणि चाचणी किटने त्याचा पीएच व कठीणपणा पाहून घ्यावा. पश्चिमेकडे, खानापूरच्या जांभ्या मातीत पाणी मृदू असते, तर पूर्वेकडे अथणीच्या बाजूला बोअरचे पाणी बरेच कठीण. जग्वार कठीण पाण्यात अधिक खुशीत राहतो.

उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिली झाकणाची. हे मासे उसळी मारतात, त्यामुळे झाकण पक्के हवे. दुकानाने मात्र चार एमएमच्या दोन लांबलचक काचा दिल्या, ज्या उचलताना मधोमध लवत होत्या. मला त्या बदलून पाच एमएमच्या तीन आखूड काचा, धरायला मुठी लावून, वेगळ्या घ्याव्या लागल्या. मोबदला थोडा कमी केला गेला, पण पहिल्यांदाच योग्य काच द्यायला हवी होती. दुसरी उणीव संपकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जाळीची. तिच्या फटी मोठ्या माशांच्या हिशेबाने ठेवल्या आहेत, पोहायला लागलेली पिल्ले त्यांतून सरळ खाली जातात. त्यावर जाड स्पंज बांधावा लागतो आणि तो रोज पिळावा लागतो. ब्रीडिंगसाठी टाकी घेत आहोत हे सांगूनही या गोष्टीचा विचार झाला नाही. तिसरी, ठरलेल्या तारखेपेक्षा टाकी उशिरा मिळाली. आठवडाभर कोरडी ठेवण्याचा वेळ त्यांनी सुरुवातीच्या तारखेत धरलेला नव्हता. हा वेळ गिऱ्हाइकाला आधीच सांगितला असता तर तक्रारीला जागाच राहिली नसती.

किमतीबद्दल एवढेच सांगतो की चार फुटी, दहा एमएमच्या टाकीला जेवढी काच लागते त्याच्या सव्वादोनपटीहून अधिक वजनाची काच या टाकीला लागते, त्यामुळे दरही दुपटीच्या पुढे जातो. त्यावर स्टँड, संप, पंप आणि हीटर मिळून जवळपास टाकीइतकाच खर्च येतो. कोल्हापुरातून आणलेल्या दरपत्रकाशी तुलना केली तेव्हा वाहतूक धरून शहापूरचे काम स्वस्त पडले, आणि गळती निघाली तर दुरुस्तीला माणूस हाकेच्या अंतरावर आहे हा फायदा वेगळा. टेम्पोतून टाकी पोचवणे आणि सहा माणसांनी ती स्टँडवर चढवणे हे त्यांनी आपल्या दरातच केले; निपाणी किंवा चिकोडीकडच्या गिऱ्हाइकांनी वाहतुकीचे आधी स्पष्ट बोलून घ्यावे.

जोडीविषयीही दोन शब्द. "पक्की पेअर" म्हणून विकले जाणारे मोठे मासे घेण्यापेक्षा दोन इंचांची सहा-आठ पिल्ले घेऊन या टाकीत एकत्र वाढवावीत आणि त्यांच्यातून जोडी आपणहून जमू द्यावी. अशा जोडीत नर मादीला अधिक सांभाळून घेतो. जोडी जागा धरू लागली की बाकीचे मासे त्याच आठवड्यात हलवावे लागतात, म्हणून ते परत घेणारा दुकानदार आधीच पाहून ठेवावा. पिल्लांसाठी तीन फुटी वेगळी टाकी आणि ताजा आर्टेमिया, म्हणजे पिल्लांना खायला घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव, तयार हवा. हजारभर पिल्ले वाढवणे कोणालाच शक्य नसते. ती नको झाली म्हणून राकसकोपमध्ये, घटप्रभेत किंवा गावच्या तळ्यात सोडण्याचा विचार कृपया कोणीही करू नये. हा परदेशी शिकारी मासा एकदा आपल्या पाण्यात रुळला की तिथल्या स्थानिक माशांच्या पिल्लांवर तो जगेल. अंडी जास्त झाली तर दगडच काढून घ्यावा, आणि तो काढल्यावर पुढचे काही दिवस जाळी खाचेत बसवून ठेवावी, कारण पिल्ले गमावलेला नर मादीवर उलटतो.

एकंदर पाहता, टाकीच्या कामाला पाचपैकी चार गुण देईन; कापलेला एक गुण झाकण आणि जाळीचा आहे. सांधे, काच, भोके आणि खाच यांत बोट ठेवायला जागा नाही. माप ठरवण्यासाठी दुकानावर अवलंबून न राहता सहा बाय दोन, शक्य असल्यास सहा बाय अडीचचा तळ, दोन फूट उंची, पाच एमएमचे तीन तुकड्यांचे झाकण, दोन फुटांवर जाळीची खाच आणि पिल्ले न जाणारी बारीक जाळी, हे सगळे कागदावर लिहून नेले, आणि आठवडाभर सुकवण्याचा वेळ धरून तारीख ठरवली, तर याच दुकानाकडून पुढची टाकी मी बिनदिक्कत करून घेईन.